ऋतू धरून मदतनिधी कसा उभारावा: नव्या कार्यकर्त्यांसाठी पायरीपायरीने

देणगी मागायला गेल्यावर समोरच्याच्या मनात दोन प्रश्न येतात. कशासाठी? आणि आत्ताच का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ प्रत्येक संस्थेकडे तयार असतं. दुसऱ्याचं क्वचितच असतं, आणि मग 'काम चांगलं आहे, देऊ कधीतरी' असं म्हणून माणूस पुढे जातो. द्यायची इच्छा त्याला असते, पण आजच का द्यायचं ते कळलेलं नसतं. ऋतू ते कारण पुरवतो.

आयनार होल्बोल हे डेन्मार्कमधले टपाल कर्मचारी. १९०३ च्या नाताळात शुभेच्छापत्रांचे ढीग लावता लावता त्यांना सुचलं की ही पत्रं लोक दरवर्षी पाठवणारच आहेत, तर प्रत्येकावर टपाल तिकिटाशेजारी एक छोटं जादा तिकीट लावायला सांगावं आणि त्याचे पैसे क्षयरोगी मुलांसाठी वापरावेत. डिसेंबर १९०४ मध्ये ही तिकिटं विक्रीला आली आणि पहिल्याच हंगामात ४० लाखांहून जास्त खपली. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी तीच कल्पना उचलली. त्यांना एका लहानशा क्षयरोग रुग्णालयासाठी ३०० डॉलर हवे होते, जमले त्याच्या सुमारे दहापट. या दोघांनी लोकांना नवं काही करायला लावलं नाही. त्या दिवसांत लोक जे करतच होते, त्याला मदतीची जोड दिली. नव्या कार्यकर्त्याने आधी हे शिकावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

पायरी १: आधी काम लिहा, मग आकडा

काम एका ओळीत लिहा. 'गरजूंना मदत' हा झाला हेतू. 'वसतिगृहातल्या ६० मुलांना थंडी सुरू होण्याआधी प्रत्येकी एक ब्लँकेट' हे झालं काम. वाचणाऱ्याला ते डोळ्यांसमोर दिसतं, मोजता येतं, आणि ते झालं की नाही हे नंतर विचारताही येतं.

मग खर्चाचा अंदाज काढा. वस्तूची किंमत, वाहतूक, छपाई, ऑनलाइन पैसे घेताना कापलं जाणारं शुल्क, आणि थोडी राखीव रक्कम. या बेरजेतून येईल तेच तुमचं उद्दिष्ट. 'जमतील तेवढे जमवू' म्हणून बाहेर पडलात, तर आपल्या वाट्याला साधारण किती यावं याचा अंदाज देणाऱ्याला येत नाही, आणि तुमच्याच स्वयंसेवकांना आपण कुठवर पोचलो ते कळत नाही.

तुम्ही संस्थेचे पदाधिकारी नसाल, बाहेरून तिच्यासाठी पैसे जमवणार असाल, तर पहिलं पत्र संस्थेलाच लिहा. तिचं नाव आणि चिन्ह वापरायची लेखी परवानगी घ्या. पैसे कुठल्या खात्यात जायचे आणि पावती कोण देणार, हेही त्याच पत्रव्यवहारात ठरवून टाका.

आणखी एक वाक्य आत्ताच लिहून ठेवायचं: उद्दिष्टापेक्षा जास्त किंवा कमी जमलं तर काय करणार. ठरावीक कामासाठी मागितलेला पैसा त्याच कामाला लावावा लागतो, अनेक देशांत तसा कायदाच आहे. 'जास्त रक्कम जमल्यास ती याच वसतिगृहाच्या औषधखर्चासाठी वापरू' एवढं आवाहनात छापलेलं असलं की पुढचा पेच टळतो.

पायरी २: गरजेचा ऋतू आणि मागण्याचा ऋतू

नवी मंडळी इथेच सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

थंडी पडली की ब्लँकेटचं आवाहन निघतं, छप्पर गळायला लागलं की दुरुस्तीचं. पण आवाहन, जमवाजमव, खरेदी आणि वाटप यांत सहज दीड-दोन महिने जातात. ब्लँकेट मुलांच्या अंगावर पडेपर्यंत थंडी ओसरलेली असते. पत्रे बदलायचे तर ते पावसाच्या आधीच बदलावे लागतात, आणि म्हणून त्यांचे पैसे भर उन्हात मागावे लागतात, जेव्हा गळक्या छपराची आठवण कुणालाच नसते.

एक कागद घ्या आणि बारा महिने आडवे लिहा. त्याखाली पहिल्या ओळीत गरज कधी भासते ते टिपा: थंडी, पाणीटंचाई, पूर, साथीचे आजार, शाळा सुरू होण्याचे दिवस. दुसऱ्या ओळीत तुमच्या ओळखीच्या लोकांचा हात कधी सैल असतो ते टिपा. नोकरदारांच्या हातात बोनस कधी येतो, शेतकऱ्यांचा माल कधी विकला जातो, दुकानदारांचा हंगाम कधी असतो, मोठे सण कधी येतात, आर्थिक वर्ष कधी संपतं. करसवलतीची मुदत संपत आली की बऱ्याच देशांत देणग्या वाढतात, तोही एक हंगामच आहे. तिसऱ्या ओळीत हात आखडता असण्याचे दिवस लिहा: मुलांच्या शाळाप्रवेशाचा महिना, पेरणीचे दिवस, मोठा सण उलटल्यावरचे काही आठवडे.

आता पहिल्या दोन ओळी एकमेकींशी ताडून पाहा. गरज आणि देण्याचा काळ यांत एक-दोन महिन्यांचं अंतर असेल आणि देण्याचा काळ आधी येत असेल, तर तुमची तारीख जवळपास ठरलीच. तसं जुळत नसेल तर दोघांमधला दुवा एका वाक्यात सांगता यायला हवा. 'पाऊस दोन महिन्यांवर आला आहे आणि या शाळेच्या तीन वर्गांवर अजून धड छप्पर नाही.' हे वाक्य कडक उन्हात वाचणाऱ्यालाही आत्ताच का ते सांगतं.

सगळेच ज्या हंगामात मागतात त्यात उडी मारायची का? मोठ्या सणाच्या आठवड्यात लोक देतात खरे, पण त्यांच्यापुढे आवाहनांची रांग लागलेली असते. ओळखीच्या, जुन्या संस्थांना तो काळ मानवतो. नव्या संस्थेने तारीख सणाच्या शेजारी ठेवावी, सणावर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. 'गिव्हिंग ट्यूजडे' हा उपक्रम २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला, तो याच विचाराने. अमेरिकेत नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंग या सणापाठोपाठ खरेदीचे दिवस येतात. ते संपल्यासंपल्या येणारा मंगळवार देण्यासाठी निवडला गेला. पैसे खर्च करायची सवय त्या आठवड्यात ताजी असते, आणि स्वतःसाठी भरपूर घेऊन झालेलं असतं.

पायरी ३: ऋतूला साजेशी कल्पना

ऋतूंचे महिने आणि संख्या सगळीकडे एक नाहीत. विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबरात ऊन तापतं, काही भागांत पावसाचे चार महिने वेगळे काढता येतात, काही भागांत तो वर्षभर थोडाथोडा पडतो. त्यामुळे खालच्या कल्पना महिन्यांवरून न पाहता हवामानावरून पाहा.

उन्हाळा. दिवस मोठा, मुलांना सुट्टी, संध्याकाळी सगळे बाहेर. परीक्षा संपल्यावर घरोघरी जुनी पाठ्यपुस्तकं पडून असतात. ती गोळा करून, इयत्तेप्रमाणे गठ्ठे बांधून शाळा उघडण्याआधी स्वस्तात विकली तर संस्थेला पैसे मिळतात आणि घेणाऱ्या पालकांचाही खर्च वाचतो. स्वयंसेवकांपैकी कुणाला चित्रकला, पोहणं, बुद्धिबळ किंवा संगणक शिकवता येत असेल तर सुट्टीतला दोन आठवड्यांचा वर्ग घ्या आणि पूर्ण शुल्क निधीला द्या. खर्च जवळजवळ शून्य असल्याने हा प्रकार मला फार आवडतो. मोकळ्या मैदानात रात्री चित्रपट दाखवायचा असेल तर सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क आधी घ्यावे लागतात, तिकीट नसलं तरीही. धावण्याचे कार्यक्रम या दिवसांत टाळा, आणि घ्यायचेच तर पहाटे घेऊन ऊन चढायच्या आत संपवा.

२०१४ च्या उन्हाळ्यातलं 'आइस बकेट चॅलेंज' अनेकांना आठवत असेल. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं, त्याचं चित्रीकरण करायचं, आणखी काही जणांना आव्हान द्यायचं आणि देणगी द्यायची. ए.एल.एस. या स्नायू हळूहळू निकामी करत नेणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ए.एल.एस. असोसिएशनला त्यातून सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. गार पाण्याची बादली उन्हाळ्यात गंमत वाटते, कडाक्याच्या थंडीत ती शिक्षा ठरली असती. पण त्याच संस्थेने पुढच्या वर्षी ते पुन्हा करून पाहिलं तेव्हा त्या मानाने फारच कमी पैसे आले. लाट एकदा येऊन जाते, म्हणून लाटेच्या भरवशावर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बांधू नका.

पावसाळा. बाहेरचे कार्यक्रम बुडतात आणि लोक घरात असतात, म्हणून कामही घरातच न्या. मुलांसाठी वाचनाचा महिना ठेवा. मूल जेवढी पुस्तकं वाचेल, त्या हिशेबाने आई-बाबा, काका, आत्या ठरलेली रक्कम देणार. देणाऱ्याला भाचीने पुस्तक वाचल्याचा आनंद मिळतो आणि मुलाला आपण कुणासाठी तरी काही कमावलं हे कळतं. मात्र वरची मर्यादा आधी ठरवा, नाहीतर भराभर वाचणारं मूल काकांचा खिसा रिकामा करेल. प्रश्नमंजूषेची संध्याकाळ, हस्तकलेच्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव, पावसाच्या छायाचित्रांची स्पर्धा हेही चालतं. रोपांची विक्री पावसाच्या तोंडाशी छान होते, पण त्यासाठी बिया दोन-तीन महिने आधी पिशव्यांत पडायला हव्यात. 'एक झाड लावण्यासाठी देणगी द्या' असं आवाहन करणार असाल, तर पुढची निदान दोन-तीन वर्षं पाणी, कुंपण आणि राखण यांचा खर्च त्या रकमेत धरा. लावणीचं छायाचित्र काढून निघून जाणं ही देणाऱ्याची फसवणूक आहे.

पाऊस उघडल्यावरचे दिवस. हवा निवळलेली, ऊन मऊ, थंडी अजून दूर. चालणं, धावणं, सायकल यांच्यासाठी याहून चांगला काळ नाही. टेरी फॉक्स या कॅनडातल्या तरुणाचा एक पाय कर्करोगाने गेला होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने देशाच्या पूर्व टोकापासून धावत निघाला. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, असं त्याचं मागणं होतं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमलेली रक्कम २.४ कोटी डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येच्या हिशेबाने माणशी एक डॉलर भरला होता. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाने पहिली दौड झाली. ती आजही दर सप्टेंबरात होते. तिच्यात स्पर्धा नाही, वेळ मोजली जात नाही. कुणी धावतं, कुणी चालतं, कुणी चाकाच्या खुर्चीतून येतं. लहान गावातल्या किंवा वसाहतीतल्या कार्यक्रमासाठी हाच नमुना घ्या. विजेता ठरवायचा म्हटलं की धावणारे वीस जण येतात. नुसतं सोबत चालायचं म्हटलं की आजी-आजोबांसकट अख्खं घर येतं.

याच काळात महिनाभर चालणाऱ्या संकल्पाचा प्रकारही जमतो. 'मूव्हेंबर' २००३ मध्ये मेलबर्नमध्ये काही मित्रांनी गंमत म्हणून सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी उभारू लागलं. नोव्हेंबरभर मिशी वाढवायची. रोज भेटणारा प्रत्येक जण विचारतो, 'हे काय?' आणि मागण्याचा संकोच आपोआप गळून पडतो. तुमच्या कामाशी नातं असलेला, बाहेरून दिसणारा आणि कुणालाही अपाय न करणारा असा एखादा महिनाभराचा संकल्प शोधा. साखर सोडणं, रोज पायी कामावर जाणं, भ्रमणध्वनी रात्री आठनंतर बंद ठेवणं, असं काहीही चालेल.

हिवाळा. लोकांना उब हवी असते आणि दुसऱ्याच्या थंडीची कल्पनाही तेव्हाच येते. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या जोसेफ मॅकफी यांना नाताळात गरिबांना जेवण द्यायचं होतं आणि जवळ पैसे नव्हते. त्यांनी बोटीच्या धक्क्यावर एक मोठं पातेलं टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. त्यातूनच पुढे त्या संस्थेची लाल किटल्यांत देणग्या गोळा करण्याची प्रथा रुजली. जागा बघा कशी निवडली: रोज तीच माणसं जातात, तिथे त्यांची पावलं मंदावतात आणि हात खिशाकडे जायला दोन क्षण मिळतात. दानपेटी ठेवताना हीच कसोटी लावा. घाईच्या जिन्यापेक्षा रांगेजवळची पेटी लवकर भरते.

दिनदर्शिका आणि शुभेच्छापत्रं हा हिवाळ्याचा जुना आणि भरवशाचा माल. युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र १९४९ मध्ये निघालं. महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या एका मुलीने आभार मानायला चित्र काढलं होतं, तेच त्यावर छापलं गेलं. तुमच्या संस्थेतल्या मुलांनी काढलेली चित्रं घेता येतील, त्यांची आणि पालकांची संमती घेऊन. फक्त एक लक्षात असू द्या: नवं वर्ष लागून तीन आठवडे झाले की दिनदर्शिका रद्दी होते. आधी मागणी नोंदवून घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि नोंदणीपेक्षा थोड्याच जास्त प्रती छापा.

उबदार कपडे गोळा करण्याची मोहीम सगळ्यांनाच सुचते. तिच्यात श्रम भयंकर लागतात. फाटके, मळके, न बसणारे कपडे येतात, ते निवडायला माणसं लागतात, ठेवायला जागा लागते. हातात पैसे असले की संस्था हव्या त्या मापाची नवी वस्तू घाऊक भावात घेऊ शकते. म्हणून शक्यतो पैसेच मागा. वस्तू मागितल्याच तर यादी द्या, मापं द्या आणि 'नवी किंवा धुतलेली, न फाटलेली' असं ठळक लिहा.

वसंत. घरं झाडून-पुसून काढायचे दिवस. अडगळीतून निघालेल्या चांगल्या वस्तूंची विक्री याच काळात चालते. फुलांचंही तसंच. कॅनडात कर्करोगासाठी डॅफोडिलची विक्री १९५७ पासून सुरू झाली, कारण वसंताची चाहूल देणारं ते फूल आशेचं चिन्ह म्हणून लोकांना सहज पटलं. तुमच्या भागात त्या दिवसांत जे फूल आधी उमलतं, तेच घ्या.

शेवटी, हवामानाशी संबंध नसलेले दिवसही असतात. वाढदिवस हा त्यांतला उत्तम. जानेवारी १९३८ मध्ये अमेरिकेत रेडिओवरून लोकांना आवाहन झालं की अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वाढदिवसानिमित्त पोलिओविरुद्धच्या लढ्यासाठी एकेक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसला पाठवा. २६ लाखांवर नाणी टपालाने आली. २०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये कॅप्टन टॉम मूर यांनी शंभराव्या वाढदिवसाआधी चालण्याची चौकट (वॉकर) घेऊन आपल्या अंगणात १०० फेऱ्या मारायचं ठरवलं. त्यांचं उद्दिष्ट १,००० पौंडांचं होतं, जमले ३.२ कोटींपेक्षा जास्त. एवढा मोठा आकडा कुणाच्याही वाट्याला येईलच असं नाही. पण एक तारीख, एक माणूस आणि मोजता येणारी एक गोष्ट एवढ्यावर मोहीम उभी राहते, त्यासाठी मंडप लागत नाही.

पायरी ४: तारखेपासून मागे मोजा

मध्यम आकाराच्या कार्यक्रमाला बारा आठवडे धरा आणि ते कार्यक्रमाच्या दिवसापासून उलटे मोजा. बाराव्या आठवड्याआधी तारीख, जागा आणि परवानग्या. आठव्या आठवड्यापर्यंत प्रायोजकांची पत्रं गेलेली असावीत, कारण व्यावसायिकांकडून होकार यायला वेळ लागतो. सहाव्या आठवड्यात जाहीर घोषणा. शेवटचे दोन आठवडे फक्त आठवण करून देण्यासाठी आणि कामं वाटण्यासाठी. दिनदर्शिका, रोपं किंवा छापील वस्तू असतील तर यावर आणखी दोन महिने चढवा.

पर्यायी तारीख किंवा आडोशाची जागा पहिल्याच दिवशी ठरवा, आणि कार्यक्रम रद्द करायचा की नाही हे कुणी, किती वाजता ठरवायचं तेही. अवकाळी पावसात वीस जणांनी चर्चा करत बसण्यापेक्षा एकाने निर्णय घेऊन सगळ्यांना कळवणं बरं.

खर्चाचं गणित इथेच तपासा. १०० जमणार आणि ७० मंडप-ध्वनिवर्धक-जेवणात जाणार असतील, तर तो समारंभ झाला, निधीसंकलन नव्हे. असं दिसलं की खर्चाची बाजू प्रायोजकाच्या गळ्यात घाला किंवा कल्पनाच बदला. देणाऱ्याने दिलेला पैसा शक्य तितका कामाला लागावा ही त्याची रास्त अपेक्षा असते.

पायरी ५: प्रत्यक्ष मागणं

सुरुवात स्वतःपासून आणि अगदी जवळच्यांपासून करा. यादीवर पहिली पाच नावं आली की सहाव्याला निर्णय सोपा जातो. रिकाम्या यादीवर पहिलं नाव घालायला कुणालाच आवडत नाही.

रक्कम सांगा. 'काहीतरी द्या' यापेक्षा 'एका ब्लँकेटचा खर्च एवढा आहे, तुम्ही एक घ्याल की दोन?' हे देणाऱ्याच्याही सोयीचं असतं. आवाहनात तीन-चार टप्पे द्या, लहानात लहान रक्कमही मानाने मांडा. बहुतेक मोहिमांत मोठा वाटा थोड्या देणगीदारांकडून येतो, म्हणून त्या थोड्यांना समक्ष भेटा, आणि बाकीच्यांपर्यंत संदेश, पत्रक, समाजमाध्यमं यांनी पोचा. विचारून झालं की गप्प बसा. बरेच नवे कार्यकर्ते संकोचापोटी स्वतःच पुढे बोलतात, 'पण आत्ता नसेल जमत तर राहू द्या', आणि होकार येता येता माघारी जातो.

नकार आला तर आभार माना आणि पुढे चला. लाजवून, इतरांसमोर नाव घेऊन, शाळेत मुलांवर दडपण आणून घेतलेला पैसा घेऊ नका. ज्या घरात चणचण आहे त्या घरातल्या मुलाला वर्गात सगळ्यांदेखत 'तू किती आणलेस?' असं विचारलं जाणं फार वाईट आहे. मुलांच्या मोहिमेत रक्कम नेहमी बंद पाकिटातून घ्या.

पायरी ६: पैशाची शिस्त

रोख रक्कम नेहमी दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. पेट्या मोहोरबंद, क्रमांक घातलेल्या, कुठे कुठली ठेवली त्याची नोंद असलेल्या हव्यात. प्रत्येक देणगीची पावती द्यायची, कितीही लहान असो. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच जाऊ द्या. सोय म्हणून कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेतलेली रक्कम माणूस कितीही सचोटीचा असला तरी पुढे वादाचं कारण होते. क्यूआर कोड लावला असेल तर दर थोड्या वेळाने स्वतः स्कॅन करून नाव तपासा, कारण त्यावर दुसराच कोड चिकटवून जाणारे भामटे असतात.

सोडत किंवा बक्षिसाची तिकिटं विकणार असाल तर आधी स्थानिक कायदा विचारा. बऱ्याच ठिकाणी ती जुगाराच्या नियमांत मोडते आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो, काही ठिकाणी तिला साफ बंदी आहे. रस्त्यावर पेटी फिरवणं, दारोदार जाणं, ध्वनिवर्धक लावणं, खाद्यपदार्थ विकणं यांनाही बहुधा परवानगी लागते. देणगीदारांचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते ज्या कामासाठी घेतले त्याच कामाला वापरा, पत्रक छापणाऱ्याला किंवा प्रायोजकाला देऊ नका.

पायरी ७: कार्यक्रम संपल्यावर

दोन दिवसांच्या आत आभार पोचले पाहिजेत. नाव घालून लिहिलेल्या दोन ओळी पुरतात. स्वयंसेवकांचे आभार त्याहून आधी माना, खुर्च्या आवरणाऱ्यांचे सगळ्यांत आधी.

दोन आठवड्यांत हिशेब जाहीर करा: एकूण जमा, खर्च, संस्थेकडे पोचलेली निव्वळ रक्कम. आकडा कमी आला असेल तरी तो जसाच्या तसा सांगा. लोक कमी रकमेला माफ करतात, न सांगितलेल्या रकमेला करत नाहीत.

मग गरजेचा ऋतू येतो तेव्हा तिसरं पत्र लिहा. उन्हाळ्यात पैसे दिलेल्याला पहिल्या मोठ्या पावसानंतर कळवा की वर्ग कोरडा आहे. आइस बकेट चॅलेंजच्या पैशातून पाठबळ मिळालेल्या संशोधनात २०१६ मध्ये ए.एल.एस.शी संबंधित 'एन.ई.के.१' हे जनुक ओळखलं गेलं, तेव्हा संस्थेने ते जगाला सांगितलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या बादलीभर पाण्याचं काय झालं ते लोकांना समजलं. तुमचं पत्र एवढं मोठं नसेल, पण तेवढंच आवश्यक आहे. सोबत छायाचित्र पाठवायचं असेल तर संमती घ्या आणि मदत घेणाऱ्याला हात पसरलेला दाखवू नका. शिकणारं मूल दाखवा, दुरुस्त झालेलं छप्पर दाखवा.

एक पानभर टिपण लगेच करून ठेवा: कुठली जागा चालली, कोणत्या दिवशी गर्दी होती, कुणी प्रायोजकत्व दिलं, काय उरलं, काय कमी पडलं, परवानगीला किती दिवस लागले. त्या पानावर पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या बारा आठवडे आधीची तारीख घाला आणि ते पान पुढच्या वर्षी जो हे काम बघणार आहे त्याच्याकडे सोपवा.